वाचनालयाच्या एका खोलीत इमर्सिव्ह प्रदर्शन कसं करायचं (खाऱ्या हवेचा हिशोब धरून)

टोकियोत २०१८ ला टीमलॅब बॉर्डरलेस हे इमर्सिव्ह, म्हणजे चित्राच्या आत शिरल्यासारखं वाटणारं, डिजिटल कलेचं म्युझियम सुरू झालं तेव्हा तिथे ४७० प्रोजेक्टर होते म्हणे, आणि त्याचे रील बघून आपल्याकडची मंडळातली पोरं अख्खं बजेट प्रोजेक्टरच्या भाड्यात घालतात. अरे पण यायोई कुसामा या जपानी चित्रकर्तीने १९६५ ला न्यूयॉर्कात पहिली आरशांची खोली केली त्यात प्रोजेक्टर नव्हताच. आत शिरल्यासारखं वाटतं ते अंधाराने आणि आवाजाने, प्रोजेक्टर एक असला तरी भागतं.

आधी अंधार. मंडपवाल्याकडून काळे पडदे आणा, दारात एकच न लावता दोन लावा, मध्ये माणूस वळेल एवढी जागा ठेवून, म्हणजे कोण आत आलं तरी बाहेरचा उजेड घुसत नाही. कौलांच्या फटी दुपारी १२ लाच तपासा, संध्याकाळी त्या दिसतच नाहीत.

उघड्या चिऱ्याच्या भिंतीवर चित्र मारू नका, लाल दगड सगळा उजेड खातो. चुना मारा, ऑइलपेंट नको, चमकतो. आणि खरी मजा जाळ्यात आहे. रत्नागिरीत मिरकरवाडा बंदरावर नाहीतर मालवणात दांडीच्या किनाऱ्यावर विचारलंत तर मासेमारीचं जुनं, बारीक आसाचं (म्हणजे बारीक भोकांचं) पांढरं जाळं मिळून जातं, दोनदा धुवून कडक उन्हात वाळवा नाहीतर प्रेक्षकांना सुकट बाजारात आल्यासारखं वाटेल, मग ते भिंतीच्या ३-४ फूट पुढे सैल टांगा. अर्धं चित्र जाळ्यावर पडतं, अर्धं आरपार जाऊन भिंतीवर, आणि चित्र समुद्राचं असेल तर कोणी बाजूने गेलं की हवेने जाळं हलतं नि अख्खा समुद्र हलतो. याला एक रुपयाचं सॉफ्टवेअर लागत नाही.

प्रोजेक्टर भाड्याने घेताना थ्रो रेशो विचारा, म्हणजे चित्राच्या रुंदीच्या किती पट मागे तो ठेवावा लागतो ते. १.५ असेल तर ८ फूट रुंद चित्राला १२ फूट मागे जावं लागतं, म्हणजे १० बाय १२ च्या खोलीत माणसं मध्ये येऊन नुसत्या सावल्याच. ०.५ चा शॉर्ट थ्रो ४ फुटात काम करतो, तो वर वाशाला टांगा, साखळीने पण बांधा.

समुद्राचा आवाज मोबाईलवर रेकॉर्ड केला तरी चालेल, फक्त माइकवर रुमाल गुंडाळा, नाहीतर लाटांपेक्षा वाराच जास्त ऐकू येतो. स्पीकर लोकांच्या पाठीमागे, आवाज बारीक.

गणपतीत करायचा मोह होतो पण पावसात नको, दमटपणाने लेन्सवर बुरशी धरते. दिवाळीनंतर करा. तेव्हाही रात्री प्रोजेक्टर सिलिका जेलच्या पुड्या टाकून बंद डब्यात. लाईट जाणारच, तेव्हा यूपीएस हवा आणि बाहेर जायच्या वाटेवर बॅटरीचा छोटा दिवा कायम चालू.

लुकलुकणारा प्रकाश सेकंदाला ३ वेळांपेक्षा जास्त नको, फिट येणाऱ्यांना त्रास होतो, तशी पाटीही दाराबाहेर लावा. एकावेळी आत ६ जण बास. फोटो काढू द्या, फ्लॅश नाही, आणि हे सांगायला दारात एखाद्या खमक्या काकींना बसवा, पोरांचं कोणी ऐकत नाही.