नुसतं उकळून भागत नाही: बोटुलिझम आणि अन्नातले बाकीचे बॅक्टेरिया घरी कसे टाळायचे

अन्न खराब झालंय का अशी शंका आली की बहुतेक लोक म्हणतात परत एकदा चांगलं उकळून घे, काही होत नाही. हे अर्धंच खरं आहे आणि उरलेल्या अर्ध्यात जीव जाऊ शकतो म्हणून जरा सविस्तर सांगतोय. साल्मोनेला, ई कोलाय, कॅम्पिलोबॅक्टर हे जिवंत बॅक्टेरिया अन्न आतपर्यंत 75 डिग्रीला गेलं की मरतात. पण काही बॅक्टेरिया बीजाणू म्हणजे स्पोअर बनवतात आणि ते 100 डिग्रीला तासन्‌तास उकळले तरी टिकू शकतात. तिसरं म्हणजे टॉक्सिन, बॅक्टेरियाने अन्नात सोडलेलं विष, त्यातलं काही उकळल्याने जातं आणि काही अजिबात जात नाही. बॅक्टेरिया, स्पोअर आणि टॉक्सिन या तीन गोष्टी डोक्यात वेगवेगळ्या ठेवा, मग कुठे काय करायचं ते आपोआप कळत जातं.

आधी बोटुलिझम, म्हणजे क्लॉस्ट्रिडियम बोटुलिनम या बॅक्टेरियाच्या टॉक्सिनने होणारी विषबाधा. दुर्मिळ आहे पण सगळ्यात घातक हीच. याचे स्पोअर मातीत सगळीकडे असतात, भाजीबरोबर पोटात गेले तरी धडधाकट मोठ्या माणसाला सहसा काही होत नाही. गडबड होते ती त्यांना हवा नसलेली, ओलसर, कमी आंबट आणि फार थंड नसलेली जागा मिळाली की, आणि सीलबंद बरणी म्हणजे नेमकी तीच जागा. तिथे ते उगवतात, वाढतात आणि टॉक्सिन सोडतात. ते नसांकडून स्नायूंना जाणारा सिग्नलच बंद करतं, आणि त्याला वास नाही, रंग नाही, चव नाही. त्यामुळे थोडंसं चाखून बघतो हा प्रकार पूर्ण बंद करा, एक घाससुद्धा पुरतो.

घरी बरणीत पदार्थ टिकवायचे असतील तर आंबटपणा बघायचा. त्याचं माप म्हणजे पीएच, आकडा जितका कमी तितकं जास्त आंबट. पीएच 4.6 किंवा त्याखाली असेल तर हे स्पोअर उगवत नाहीत, म्हणून आंबट फळं, व्हिनेगरमधल्या भाज्या वगैरे उकळत्या पाण्यात बरणी ठेवून सील करता येतात. टोमॅटो अगदी सीमेवर असतो, त्यात लिंबाचा रस किंवा सायट्रिक अ‍ॅसिड मोजून घालायचं. पण बीन्स, मका, बटाटा, मशरूम, मांस, मासे यांना फक्त प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं, कारण स्पोअर मारायला 116 ते 121 डिग्री लागते आणि साधं उकळतं पाणी 100 च्या वर जातच नाही. अमेरिकेत ओहायोमध्ये 2015 साली चर्चच्या एका जेवणात हेच झालं, घरी बरणीत भरलेले बटाटे नुसत्या उकळत्या पाण्यात प्रोसेस केलेले होते, त्याचं सॅलड खाऊन 29 जण आजारी पडले आणि एक जण गेला. रोजचा छोटा कुकर कॅनरच्या जागी वापरू नका, तपासलेल्या रेसिपीतल्या वेळा त्याला लागू पडत नाहीत. कॅनर नसेल तर सरळ फ्रीझ करा, माझ्या मते घरी तोच सगळ्यात शहाणपणाचा मार्ग आहे.

अजून काही जागा लोकांच्या लक्षात येत नाहीत. तेलात बुडवलेला लसूण किंवा ताजे हर्ब्स, वरून तेल असल्यामुळे हवा बंद, म्हणून फ्रीजमध्येच ठेवायचं आणि चार दिवसांत संपवायचं. फॉइलमध्ये भाजलेला बटाटा लगेच खायचा, नाहीतर फॉइल काढून फ्रीजमध्ये. व्हॅक्यूम पॅक मासे डीफ्रॉस्ट करताना पॅकेट उघडून ठेवायचं, कारण याच बॅक्टेरियाचे काही प्रकार 3 डिग्रीलाही वाढू शकतात. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाला मध अजिबात नाही, बोटभरसुद्धा नाही, कारण त्यांच्या आतड्यातच स्पोअर उगवू शकतात.

आता बाकीचे, जे खूप जास्त वेळा त्रास देतात. इथे चूक शिजवण्यात कमी आणि शिजवल्यानंतर जास्त होते. बॅसिलस सिरियसचे स्पोअर भात शिजल्यावरही जिवंत राहतात, भात ओट्यावर पडून राहिला की वाढतात आणि त्यांचं उलट्या करणारं टॉक्सिन परत गरम करून जात नाही. स्टॅफ या बॅक्टेरियाचं पण तसंच, तो हातावरच्या जखमेतून किंवा नाकातून अन्नात येतो आणि त्याचं टॉक्सिनही उकळून टिकतं. मोठ्या पातेल्यातला रस्सा हळूहळू थंड होत राहिला तर परफ्रिंजेन्स हा स्पोअर बनवणारा अजून एक बॅक्टेरिया वाढतो. उपाय एकच, 5 ते 60 डिग्रीच्या मधे अन्न दोन तासांपेक्षा जास्त ठेवायचं नाही, हवा 32 च्या वर असेल तर एकच तास. पूर्ण गार व्हायची वाट बघत बसू नका, उथळ डब्यांत वाटून फ्रीजमध्ये टाका, खोल पातेलं मधोमध कित्येक तास कोमट राहतं. लिस्टेरिया हा बॅक्टेरिया मात्र फ्रीजमध्येही वाढतो, म्हणून गरोदर बायकांनी तयार मांस वाफाळेपर्यंत गरम करूनच खावं आणि कच्चं दूध टाळावं. कच्च्या मांसाचा चाकू-बोर्ड वेगळा, आणि चिकन नळाखाली धुवू नका, शिंतोडे सगळीकडे उडतात.

फुगलेला, गळणारा किंवा उघडताना फसकन उडालेला डबा उकळून वाचवायच्या भानगडीत पडू नका. बोटुलिझमचं टॉक्सिन 10 मिनिटं खळखळ उकळल्यावर नष्ट होतं हे खरं, पण संशयास्पद डब्यावर हा प्रयोग करायचा नाही. बंद असेल तर उघडू नका, दोन पिशव्यांत घट्ट बांधून टाका, सांडलं असेल तर ग्लव्ह्ज घालून ब्लीचच्या पाण्याने पुसा.

आणि लक्षणं नीट वाचा. साध्या विषबाधेत उलट्या, जुलाब, कधी ताप. बोटुलिझममध्ये बहुतेक वेळा 12 ते 36 तासांत, कधी काही दिवसांनीसुद्धा, एकाचे दोन दिसायला लागतात, पापण्या जड होऊन खाली येतात, बोलणं अडखळतं, तोंड कोरडं पडतं, गिळता येत नाही, आणि मग अशक्तपणा चेहऱ्याकडून खाली उतरत जातो. ताप सहसा नसतो आणि माणूस पूर्ण शुद्धीत असतो, म्हणून घरच्यांना वाटतं की हा नुसता थकवा आहे. सकाळपर्यंत बघू असं करू नका, तेव्हाच्या तेव्हा हॉस्पिटल गाठा, कारण अँटिटॉक्सिन, म्हणजे टॉक्सिनवरचं औषध, पुढचं नुकसान थांबवतं, आधी झालेलं भरून काढत नाही, आणि श्वासाचे स्नायू गेले तर कित्येक आठवडे व्हेंटिलेटर लागू शकतो. डॉक्टरांना मागच्या काही दिवसांत काय काय खाल्लं ते सांगा, बरणीतलं किंवा डबाबंद काही होतं का ते आवर्जून सांगा, त्याच ताटातलं अजून कोणी खाल्लं असेल तर त्यांनाही कळवा. उरलेलं अन्न अशा वेळी फेकू नका, पिशवीत बंद करून वर खाऊ नये असं लिहून फ्रीजमध्ये वेगळं ठेवा, लॅबला तपासायला लागतं.