‘चार्ज’ या एका शब्दाचा भार: इंदूरहून अनुवाद करताना

इंदूरमध्ये राहून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करण्याच्या व्यवसायात येऊ पाहणारी मुले-मुली माझ्याकडे येतात, तेव्हा मी त्यांना अवघड शब्दांची यादी देत नाही. ‘चार्ज’ हा एकच शब्द आठवडाभर अभ्यासायला सांगतो.

माझ्या पहिल्याच वर्षी एका कुटुंबातील वाटणीचे इंग्रजी कागद माझ्याकडे आले होते. आईला दरमहा द्यायच्या रकमेसाठी थोरल्या मुलाच्या जमिनीवर ‘चार्ज’ राहील, असे त्यात म्हटले होते आणि मी निःशंकपणे ‘शुल्क’ असे लिहिले. तपासणाऱ्या बाईंनी तो कागद परत पाठवला, हे त्या आईचे भाग्य. शुल्क भरले की विषय संपतो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०० मधील ‘चार्ज’ मात्र रकमेच्या हमीसाठी मालमत्तेलाच बांधून ठेवतो. त्याला जमिनीच्या व्यवहारात ‘बोजा’ म्हणतात, हे मराठी घरात वाढूनही मला ठाऊक नव्हते, कारण सातबारा उतारा मी कधी पाहिलेलाच नव्हता.

पुढे व्युत्पत्ती पाहिली, तेव्हा ‘बोजा’ किती नेमका आहे हे कळले. ‘चार्ज’चे मूळ गाडीवर माल लादणे या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन क्रियापदात आहे, ‘कार्गो’ही तिथूनच आला. मराठीनेही ठिकठिकाणी तीच प्रतिमा जपली आहे: पदाचा ‘कार्यभार’, विजेचा ‘प्रभार’, वाढीव रकमेचा ‘अधिभार’. म्हणून वाक्यात कोणी, कोणावर, कोणते ओझे ठेवले आहे, हे आधी शोधावे. पैशांचे ओझे असेल तर ‘आकारणे’ हे सुंदर क्रियापद आपल्याकडे आहे. ते सोडून ‘चार्ज करणे’ लिहू नये. सैन्याच्या ‘चार्ज’ला ही कसोटी सहज लागू पडत नाही, तिथे ‘चाल करून जाणे’ लिहावे.

आपल्याला खरा धोका हिंदीचा आहे. हिंदी माध्यमात विज्ञान शिकलेल्यांना विजेचा ‘आवेश’ आठवतो, पण मराठीत आवेश माणसाला येतो. उलट येथील सरकारी कचेऱ्यांत ‘अतिरिक्त प्रभार’ म्हणजे दुसऱ्या पदाची जबाबदारी, तर मराठी विज्ञानाच्या पुस्तकात ‘प्रभार’ इलेक्ट्रॉनवर असतो. ही अदलाबदल माझ्या हातून अजूनही होऊ शकते, म्हणून असे शब्द मी शेवटी पुन्हा एकदा स्वतंत्रपणे तपासतो.

न्यायालयीन मजकुरात पायऱ्या सांभाळाव्यात. ‘चार्जशीट’, म्हणजे आरोपपत्र, पोलीस दाखल करतात; ‘चार्ज’ निश्चित करण्याचे काम न्यायालयाचे. दोन्हींना सरसकट ‘आरोप ठेवला’ म्हटल्यास खटला नेमका कोठवर आला आहे, हे वाचकाला कळत नाही.

सर्वांत बारीक फरक एका ‘द’चा आहे. परिचारिका मुलाच्या ‘इन चार्ज’ असेल, तर जबाबदारी तिच्यावर असते. मूल परिचारिकेच्या ‘इन द चार्ज’ असेल, तर ते तिच्या हवाली केलेले असते. इतकेच नव्हे, तर सांभाळायला दिलेल्या त्या मुलालाही इंग्रजीत ‘चार्ज’च म्हणतात. अशा वाक्यात मी आधी मूल कोण आणि सांभाळणारे कोण, हे पेन्सिलीने समासात लिहून ठेवतो.