तीन खोल्या आणि एक फाइल: राहत्या घरात निवास-न्याहारी सुरू करताना

दर वर्षी पावसाच्या तोंडावर, सीझन संपला की वाडीतलं कोणी ना कोणी खळ्यात येऊन बसतं. चहा होतो, आंब्याच्या भावाचं बोलणं होतं आणि मग हळूच विषय निघतो. ‘वयनी, आमच्यो पण दोन खोल्यो रिकाम्यो आसत, ॲपार कशो घालूच्यो?’ मी सांगते, फोटो सगळ्यात शेवटी. आधी सातबारा काढ.

मी मालवण तालुक्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात तीन खोल्या चालवते. घर सासऱ्यांनी बांधलेलं, चिरेबंदी. आमचा सिंधुदुर्ग 1997 साली पर्यटन जिल्हा जाहीर झाला, तेव्हापासून इथल्या फाटकांवर ‘निवास न्याहारी’च्या पाट्या दिसू लागल्या. होमस्टे हा शब्द नंतरचा. पाटी रंगवायला एक दिवस लागतो, कागदांना मला आठ महिने लागले. ते कोणत्या क्रमाने केले असते तर तीन महिन्यांत उरकलं असतं, तेच इथे सांगते.

कोकणात पहिली अडचण सरकारची नसतेच, ती असते घरातल्यांची. सातबारा काढला तर त्यावर अकरा नावं. त्यातले दोघे वारलेले, एक चुलतदीर बडोद्याला, नणंद डोंबिवलीला, आणि एक नाव असं की घरात कुणालाच ते कोण ते सांगता येईना. ग्रामपंचायतीत अर्ज घेऊन गेले तर पहिला प्रश्न हाच, ‘सहहिस्सेदारांची संमती कुठाय?’ मी परत आले. तुम्ही परत येऊ नका, संमती घेऊनच जा.

संमतीपत्रात गुळमुळीत काही लिहू नये. घर क्रमांक कोणता, त्यातल्या किती खोल्या पाहुण्यांना द्यायच्या, चालवणार कोण आणि यातून कुणाचाही मालकीहक्क कमी-जास्त होत नाही, हे चार मुद्दे स्पष्ट लिहा आणि नोटरी करून घ्या. चौथ्या मुद्द्यावरच सगळं अडतं. बडोद्याच्या दिरांना वाटलं, वयनी घर आपल्या नावावर करून घेते आहे. फोनवर समजूत पटली नाही. गणपतीला सगळे जमले तेव्हा आरती झाल्यावर ओटीवर बसून कागद मोठ्याने वाचून दाखवला, तेव्हा कुठे सह्या झाल्या. सांगायचं काय, तर सह्या घ्यायच्या असतील तर चतुर्थीसारखा मुहूर्त नाही. आणि वारस नोंद राहिली असेल तर तलाठ्याकडे तिचा अर्ज आजच टाका. त्याशिवाय पुढचं काहीच नीट होत नाही.

मग ग्रामपंचायत. घराचा असेसमेंट उतारा, म्हणजे नमुना 8, आणि चालू वर्षाची घरपट्टी-पाणीपट्टी भरल्याची पावती, हे दोन हातात असले की ना हरकत दाखल्याचा अर्ज करायचा. उताऱ्यावर तुमच्या घराचं वर्णन काय आहे ते नीट वाचा. आमच्या उताऱ्यावर मागच्या दोन खोल्यांची नोंदच नव्हती, त्या नंतर बांधलेल्या. आधी त्या नोंदवून घेतल्या, घरपट्टी थोडी वाढली, वाढू दे. नोंद नसलेल्या खोलीत पाहुणा ठेवून उद्या काही झालं, तर ती खोली कागदावर नाहीच. अर्ज मासिक सभेपुढे जातो, म्हणून सभेची तारीख विचारून त्याआधी द्यायचा आणि दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्यायची. ग्रामसेवकांचं पदनाम आता ग्रामपंचायत अधिकारी झालं आहे, अर्जावर तसं लिहिलं तर बरं वाटतं त्यांना. आम्ही हाक मारतो ती भाऊ म्हणूनच.

किनाऱ्यालगत घर असेल तर इथेच एक गोष्ट डोक्यात पक्की करा. राहत्या घरातली खोली पाहुण्याला देणं वेगळं आणि समुद्राकडे तोंड करून नवी खोली बांधणं वेगळं. दुसरं करायला गेलात की सीआरझेड, म्हणजे किनारपट्टीवरच्या बांधकामाचे नियम, आला. आमच्यासारख्या गावांत भरतीरेषेपासून 200 मीटरचा पट्टा हा बांधकामासाठी जवळपास बंदच असतो, आणि ‘नुसती पत्र्याची शेड आहे’ हे कारण चालत नाही. शेजारच्या गावात एकाने माडांच्या आळीत चार कॉटेज उभ्या केल्या. नोटीस आली तेव्हा पहिल्या सीझनची कमाई वकिलाकडे गेली.

आता पर्यटन संचालनालयाची नोंदणी. पूर्वी हे काम एमटीडीसीकडे, म्हणजे राज्याच्या पर्यटन विकास महामंडळाकडे होतं, त्यामुळे लोक अजून ‘एमटीडीसीचं लायसन’ म्हणतात. ओळखपत्र, मालकीचे कागद, संमतीपत्र, ना हरकत दाखला, खोल्यांचे फोटो, पोलिसांकडून चारित्र्य पडताळणी, असा सगळा गठ्ठा जातो आणि मग पाहणीला माणूस येतो. माझ्याकडे आलेल्या साहेबांनी न्हाणीघराचा नळ सोडून बघितला, गादी दाबून बघितली, शोषखड्डा विहिरीपासून किती लांब आहे ते पावलं टाकून मोजलं. आणि शेवटी विचारलं, ‘तुम्ही स्वतः कुठे झोपता?’ मी त्यांना माजघरातली माझी खाट दाखवली, उशाशी औषधांचा डबा, भिंतीवर सासूबाईंचा फोटो. ते हसले आणि कागदावर खूण केली.

सगळ्या नियमांच्या मागे हाच प्रश्न आहे. केंद्राची निवास-न्याहारी योजना बघा, तिथेही एक ते सहा खोल्या, जास्तीत जास्त 12 खाटा आणि मालकाचं कुटुंब त्याच घरात राहणारं, अशीच अट आहे. घराला कुलूप लावून किल्ली कुंडीखाली ठेवणार असाल, तर ते लॉज झालं. मग लॉजचे कायदे, लॉजचे दर. घरगुती दराने वीज, घरगुती दराने घरपट्टी ही सवलत राहत्या घरासाठी आहे, आणि तीही आपोआप मिळत नाही. पर्यटन नोंदणीच्या प्रमाणपत्राची प्रत वीज कंपनीच्या कार्यालयात आणि ग्रामपंचायतीत स्वतः नेऊन द्यायची, तिचीही पोच घ्यायची. बायकांसाठी अजून एक गोष्ट. 2023 च्या ‘आई’ या राज्याच्या महिला पर्यटन धोरणात पर्यटन व्यवसायासाठी महिलेने घेतलेल्या 15 लाखांपर्यंतच्या कर्जावर 12 टक्क्यांच्या मर्यादेत व्याज परत मिळतं. मात्र व्यवसाय तुमच्या नावावर, तुमच्या मालकीचा हवा. नवऱ्याने चालवायचं आणि बायकोने सही करायची, हे पाहणीत लगेच कळतं.

माशाचं जेवण देणार असाल तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते. छोट्या व्यवसायाला वर्षाला 100 रुपयांत होते, ऑनलाइन होते, न करायला काही कारणच नाही. नंबर स्वयंपाकघराबाहेर लावायचा.

पोलिसांचा भाग मात्र हलक्यात घेऊ नका, मी घेतला होता. पहिल्याच वर्षी एक फ्रेंच जोडपं आलं, गुणी माणसं, सोलकढी दोनदा मागून प्यायली. मी वहीत नावं लिहिली, पासपोर्टचे फोटो काढले आणि झालं असं समजले. तिसऱ्या दिवशी बीटचा हवालदार दारात. परदेशी पाहुणा आला की 24 तासांच्या आत त्याची माहिती कळवणारा फॉर्म (तेव्हाचा सी फॉर्म, 2025 पासून फॉर्म 3) ऑनलाइन भरावा लागतो, हे मला माहीतच नव्हतं. त्यासाठी आधी आपल्या घराचं खातं उघडून मंजूर करून घ्यावं लागतं, जिल्ह्यात ते काम ओरोसला पोलीस अधीक्षक कार्यालयातून होतं. पाहुणा दारात आल्यावर हे सुरू केलंत तर 24 तास पुरत नाहीत. खातं आधीच उघडून ठेवा. नावावर जाऊ नका, पासपोर्ट बघा. आमच्याकडे एक देशपांडे कुटुंब आलं होतं, बोलणं अगदी पुणेरी, पण पासपोर्ट अमेरिकेचे. त्यांचाही फॉर्म भरला.

देशी पाहुण्यांसाठी जाड पुठ्ठ्याची नोंदवही ठेवा. नाव, कायमचा पत्ता, मोबाइल, कुठून आले, कुठे जाणार, किती माणसं, गाडी नंबर, येण्या-जाण्याची वेळ, सही. गाडी नंबर विसरू नका. आमच्या शेजारणीने एका सकाळी येऊन सांगितलं, ‘तुझ्या पावण्यांनी माझो गडगो पाडल्यानी.’ पाहुणे पहाटेच निघून गेले होते. वहीत नंबर होता म्हणून फोन करून गडग्याचे, म्हणजे दगडी कुंपणाचे, चिरे परत लावायचे पैसे वसूल झाले. ओळखपत्र सगळ्या मोठ्या माणसांचं मागायचं, बुकिंग करणाऱ्या एकट्याचं नाही. आधारची प्रत घेताना शेवटचे चारच आकडे दिसतात ती घ्या. लोकांच्या आधारचे गठ्ठे घरात साठवण्याची जोखीम आपण कशाला घ्यायची?

जीएसटीने लोक उगाच घाबरतात. तुमची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल आणि बुकिंग फोनवरून थेट येत असेल तर नोंदणी लागत नाही. ॲपवरून आलेल्या बुकिंगचा कर ॲपवालेच गोळा करून भरतात. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवर तो 5 टक्के आहे, त्याआधी 12 होता. आयकर वेगळा, त्यासाठी हिशोब लिहा.

तेरेखोलच्या पलीकडे ज्यांचं घर आहे त्यांनी हे सगळं तसंच्या तसं उचलू नये. गोव्यात 1982 चा पर्यटन व्यवसाय नोंदणी कायदा आहे आणि तिथे घरातल्या दोन खोल्यांनाही तो लागतो. आणि ठाण्याच्या माझ्या भाच्यासारखं कुणाला सोसायटीतला फ्लॅट रोजाने द्यायचा असेल, तर आधी सोसायटीचे उपविधी वाचा. मालक स्वतः न राहता फ्लॅट दुसऱ्याला देतो तेव्हा सोसायटी घेते ते बिनभोगवटा शुल्क सेवाशुल्काच्या 10 टक्क्यांहून जास्त लावता येत नाही हे खरं, पण रोज नवा माणूस लिफ्टमध्ये दिसायला लागला की प्रश्न शुल्काचा राहत नाही. भाच्याने फ्लॅट शेवटी वर्षाच्या करारावर दिला.

शेवटी ॲप. खातं उघडलं की सगळ्यात आधी कॅलेंडरमध्ये चतुर्थीचे दिवस बंद करून टाका, अनंत चतुर्दशीपर्यंत. पहिल्या वर्षी मी विसरले. बडोद्याचे दीर सामान घेऊन आले, त्यांच्या खोलीत नाशिकचं एक नवविवाहित जोडपं. संमतीपत्रावर दिरांची सही होती म्हणून बरं, नाहीतर काय झालं असतं. मी माझी माजघरातली खाट दिरांना दिली आणि पाच दिवस देवघरासमोर चटईवर झोपले.