तैलरंगात ऊन रंगवताय? आधी या चुका टाळा

थंडी सुरू झाली की रविवारी सकाळी दोन-चार नवशिक्यांना घेऊन मी बेलापूरजवळच्या दिवाळे गावात जातो. कोळीवाड्यातली अरुंद गल्ली, एका बाजूला ऊन, एका बाजूला सावली. माणसं दरवर्षी नवी असतात, चुका मात्र त्याच.

पहिली चूक म्हणजे काळ्या रंगाची ट्यूब. सावली दिसली की हात तिच्याकडेच जातो आणि गल्लीत डांबर सांडल्यासारखं दिसतं. अहो, सावलीत उजेड असतो! जमिनीवरच्या सावलीवर वरचं निळं आभाळ पडलेलं असतं, म्हणून ती निळसर, जांभळट दिसते. पागोळीच्या खालच्या बाजूला रस्त्यावरचं ऊन उसळून येतं, म्हणून ती सावली उबदार, थोडी नारिंगी. मी अल्ट्रामरीन ब्लू (गडद निळा) आणि बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी) मिसळतो, जमिनीसाठी निळा जास्त, पागोळीखाली सिएना जास्त. काळी ट्यूब घरीच ठेवतो. काळा वापरून सुंदर काम करणारे चित्रकार आहेत, पण ते तुम्ही नव्हे. अजून तरी नव्हे.

दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे. डिसेंबरात याच गल्लीत साडेआठला बसलो. डावीकडचं घर आधी रंगवलं, त्याची सावली भिंतीच्या तिप्पट लांब. मग चहा, गप्पा, पुन्हा चहा. उजवीकडच्या घराकडे वळलो तेव्हा अकरा वाजले होते आणि सावली आखडून जेमतेम भिंतीएवढी झाली होती. मी समोर दिसलं तसं इमानदारीत रंगवलं. शेजारी सुकट वाळत घालणाऱ्या मावशी मागे येऊन उभ्या राहिल्या, बराच वेळ बघितलं आणि म्हणाल्या, "काय रे बाबा, तुझ्या गावात दोन सूर्य उगवतात का?" ते चित्र अजून माझ्याकडे आहे. नव्यांना पहिल्या दिवशी तेच दाखवतो.

सूर्य तासाला 15 अंश सरकतो, तो तुमच्यासाठी थांबत नाही. म्हणून पहिल्या दहा मिनिटांत टर्पेंटाइनने पातळ केलेल्या सिएनाने सगळ्या सावल्यांच्या कडा आखून घ्यायच्या, कॅनव्हासच्या मागे वेळ लिहायची आणि पुढे कडांना हात लावायचा नाही. दीड तासात बोचकं आवरायचं, उरलेलं दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला. फ्रेंच चित्रकार क्लोद मोने 1890-91 मध्ये गवताच्या गंज्या रंगवत होता तेव्हा उजेड बदलला की कॅनव्हासच बदलायचा.

"सर, फोटो काढून घरी एसीत रंगवू का?" काढा. मोबाइल सावली काळी करेल नाहीतर भिंत पांढरीफटक, आणि मग तुम्ही पुन्हा काळ्या ट्यूबकडे वळाल.

उन्हासाठी नुसता टायटॅनियम व्हाइट थापू नका, भिंत खडूची दिसते. त्यात थोडा यलो ऑकर, म्हणजे मातकट पिवळा, टेकवा, आणि तरीही ऊन चमकत नसेल तर शेजारची सावली एक पायरी गडद करून बघा.

खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला, वरच्या थरांत तेल वाढत जाणारं. उलट केलंत तर पुढे तडे जातात.

एका उत्साही मुलाने चित्र हेअर ड्रायरने वाळवायला घेतलं होतं. तैलरंगातलं जवसाचं तेल पाण्यासारखं उडून जात नाही, हवेतल्या ऑक्सिजनशी मिळून ते घट्ट होतं. थांबा. नवी मुंबईच्या पावसाळ्यात आणखी थांबा.

ब्रश पुसून याच तेलाने माखलेल्या चिंध्या मात्र बोळा करून पिशवीत कोंबू नका. त्या आपोआप तापतात, पेटूही शकतात. मी त्या झाकणाच्या डब्यात पाण्यात बुडवून ठेवतो.

आणि मे महिन्याच्या मध्यावर भर दुपारी गल्ली रंगवायला बोलावू नका. तेव्हा सूर्य आपल्या बरोबर डोक्यावर असतो, सावल्या भिंतीखाली शिरलेल्या असतात आणि मी घरी पंख्याखाली असतो.