सिग्नलवर डोकं फिरलं की काय करायचं

संध्याकाळी पुण्यात नळस्टॉपच्या चौकात सिग्नल सुटायच्या आधीच मागचा हॉर्न दाबून धरतो, तेव्हा कुणाचंही डोकं फिरतं. अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, छाती धडधडते, हे शरीर आपणहून करतं, पण तोंडातून काय बाहेर पडतं ते आवरता येतं.

आधी श्वास. 4 मोजत घ्यायचा आणि 6 ते 8 मोजत हळू सोडायचा, कारण सोडताना हृदयाचे ठोके थोडे मंदावतात. पाच-सहा वेळा केलं की हँडलवरची मूठ सैल होते, आवळलेले दात सुटतात, लक्ष देऊन बघा, हेल्मेटच्या आत कुणाला कळतही नाही.

आणि उशीवर बुक्के मारा, ओरडून मोकळे व्हा असं सांगतात ना, ते प्लीज करू नका. दीडशेहून जास्त अभ्यास एकत्र तपासून 2024 मध्ये जे छापून आलं त्यात हेच दिसलं की राग असा बाहेर काढून कमी होत नाही, शरीर शांत केलं की होतो.

बाहेरचा राग घरी आईवर नाहीतर पोरांवर निघतो, याचं मला फार वाईट वाटतं. आल्या आल्या सरळ सांगा, 'दहा मिनिटं द्या, मग बोलू', आणि खरंच दहा मिनिटांनी येऊन बोला, नाहीतर समोरच्याला वाटतं टाळतोय. भूक असेल तर आधी खा. व्हॉट्सअ‍ॅपवर चिडून टाइप केलेलं सकाळी वाचा, मग ठरवा.

हात उचलला जात असेल तर मात्र 14416 वर टेली-मानसला फोन करा, मानसिक आरोग्यासाठीची हेल्पलाइन आहे, सरकारी आहे, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.