कोकणातल्या रात्रीच्या जत्रेला जाताय? या चुका टाळा

पहिली चूक घरीच होते. जत्रेची तारीख अंदाजाने धरून लोक रेल्वेचं तिकीट काढतात. देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरची यात्रा महाशिवरात्रीला, तिथे प्रश्न नाही. पण मालवण तालुक्यातल्या मसुरे गावच्या आंगणेवाडीत भराडीदेवीच्या जत्रेला ठरलेली तिथी नसते. देवीचा कौल, म्हणजे तिची संमती, घेऊनच दिवस ठरतो. तारीख जाहीर होईपर्यंत थांबा आणि ती कळताच कणकवली किंवा कुडाळपर्यंतचं तिकीट बघा. आंगणेवाडीत रात्री प्रसादाच्या विधीसाठी काही तास दर्शन आणि ओट्या भरणं थांबतं. ती वेळ आधी विचारून घ्या, म्हणजे लहान मुलांना घेऊन रांगेत अडकायला होणार नाही.

सगळा भरवसा मोबाइलवर ठेवू नका. एवढ्या गर्दीत नेटवर्क बसतं आणि पैसे पाठवताना चाक नुसतं फिरत राहतं. दहा-वीसच्या नोटा जवळ असू द्या. चुकामूक झाली तर भेटायची जागा फोनवर ठरवता येणार नाही, ती गाडीतून उतरतानाच ठरवा. मुलांच्या खिशात नंबर लिहिलेली चिठ्ठी हवीच.

आता खाजा, म्हणजे जत्रेतली बेसन-गुळाची मिठाई. माझा जीव इथे अडकतो, म्हणून जरा सविस्तर सांगते. शिरल्या शिरल्या पहिल्याच दुकानातून दोन किलो घेऊन ते ओझं रात्रभर वागवू नका. आधी फेरी मारा. दुकानदार स्वतःच म्हणतो, "वायच चाखान बघा." संकोच न करता चाखा. बेसनाची कांडी कुडुम मोडली पाहिजे, आणि गुळाच्या पाकात आल्याचा झटका लागला पाहिजे. कांडी वाकली किंवा दाताला चिकटली, तर तिला खारी हवा लागलीय, पुढे चला. खटखटे लाडू मात्र कडकच असतात, तो त्यांचा दोष नव्हे. खाजा परतताना घ्या आणि त्याच रात्री घट्ट झाकणाच्या डब्यात भरा. दुसऱ्या दिवशी उन्हात गाडीच्या डिकीत राहिला तर गूळ पाझरतो आणि सगळा एक गोळा होतो.

परतीची शेवटची एसटी किती वाजता, हे उतरतानाच कंडक्टरला विचारा.

आणि लहान गावाच्या जत्रेत दशावतार, म्हणजे रात्रभर चालणारं कोकणी लोकनाट्य, असेल तर अर्ध्यावर उठू नका. गणपती आणि संकासुर येऊन गेले की पाहुण्यांना वाटतं, झालं. ते आडदशावतार, म्हणजे सुरुवातीचा भाग; खरं आख्यान, म्हणजे मुख्य कथा, त्यानंतर उभं राहतं. लिहिलेली संहिता नाही, पेटी-पखवाजाच्या साथीवर नट जागच्या जागी संवाद रचतात. बाईची भूमिका करणारा स्त्रीपार्टी नट डोळ्यांत पाणी आणतो तेव्हा पहाट जवळ आलेली असते आणि दव पडू लागतं. बसायला चटई आणि पांघरायला शाल न्या, दुपारी थोडं झोपून या.