सारखी उन्हाळी लागते? या चुका टाळा

लघवीला जळजळ झाली की पहिलं निदान घरातच होतं: उन्हाळी लागली, धण्याचं पाणी पी. प्यावं, पाण्याने काही बिघडत नाही. बिघडतं ते मेडिकलमधून अँटिबायोटिकच्या चार गोळ्या आणून दोन दिवसांत थांबवल्यावर. सहा महिन्यांत 2 वेळा किंवा वर्षात 3 वेळा लघवीचा संसर्ग झाला, तर अंगावर काढू नका.

माझ्या एका पेशंटच्या लग्नाला वर्षही झालं नव्हतं. हातात रिपोर्टांची फाइल, प्रत्येक कल्चर (लघवीतले जंतू वाढवून पाहायची तपासणी) निगेटिव्ह. येणारच! दरवेळी आधी गोळी, मग लघवीचा नमुना. शेजारी नवरा, त्यामुळे माझ्या प्रत्येक प्रश्नाला ‘तसं काही नाही’. त्याला चहाला पिटाळलं तेव्हा कळलं, संबंध आला की एक-दोन दिवसांत जळजळ. म्हणून ती टाळायची. त्याला वाटे, मी हिला आवडत नाही; तिला वाटे, रोग याच्याकडून आला. अहो, जंतू बहुधा आपल्याच आतड्यातले, ई. कोलाय. बायकांचा मूत्रमार्ग जेमतेम 4 सेंमी. संबंधाच्या वेळी ते आत सरकतात. नवऱ्याला औषध लागत नाही.

तिला गोळीआधी कल्चर करायला लावलं, शुक्राणूनाशक क्रीम बंद केलं (त्याने हा त्रास वाढतो), संबंधानंतर घ्यायची कमी मात्रेची गोळी काही महिने दिली. जंतू आटोक्यात आले, भीती राहिली. अंग आक्रसायचं, ओलावा नाही, मग दुखायचं. ओटीपोटाच्या स्नायूंची फिजिओथेरपी लागली, वेळही लागला. ‘आठवड्याभरात होईल ना?’ हे नवऱ्याने विचारलंच. सगळ्यांना आठवडाच हवा असतो.

खाली अँटिसेप्टिकने धुणं बंद. साधं पाणी पुरे.

जळजळ चालू असताना मन राखायला संबंध? नको.

संबंधानंतर लघवीला गेल्याने संसर्ग टळतो, याचा पुरावा कच्चा आहे, पण फुकटचं काम, मी सांगतेच.

पाळी गेलेल्या बायका तर यावर बोलतच नाहीत. इस्ट्रोजेन घटल्याने कोरडेपणा येतो आणि संसर्गही वाढतो. योनीत लावायचं इस्ट्रोजेन क्रीम दोन्हींवर उपयोगी पडतं. ‘या वयात कशाला’ म्हणून ट्यूब कपाटात ठेवणाऱ्या मी पाहिल्यात. स्तनाचा कॅन्सर झालेला असेल तर आधी डॉक्टरांना सांगा.

थंडी वाजून ताप आला, बरगडीखाली पाठीत दुखलं किंवा दिवस गेलेले असतील, तर धणे भिजवत बसू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा, आणि वाटेत मेडिकलला थांबू नका.